जीबीएस : रिपोर्टात ‘ॲक्सोनल’ आलं म्हणजे नस मेलीच का?

नसती_उठाठेव

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएसचे, पेशंट एकदम वाढले. एकूण आकडा २०० च्या वर गेला. त्या दिवसांत पाणी, चिकन, पनीर यांवर ढीगभर फॉरवर्ड फिरले. नसेच्या आत काय बिघडतं यावर मात्र मराठीत जवळजवळ काही वाचायला मिळालं नाही. आता गवगवा संपला, पण एनसीव्हीचे, म्हणजे नसेला करंट देऊन संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट घरोघरी फायलीत आहेत आणि मला एक प्रश्न अजून येतो : “ॲक्सोनल लिहिलंय, म्हणजे नस मेली ना? डिमायलिनेटिंग असतं तर वाचलो असतो ना?”

मी न्यूरोपॅथॉलॉजीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नसा बघते, पेशंट बघत नाही. तेव्हा कोणता डोस, कोणतं हॉस्पिटल हे मला विचारू नका. पण वरच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठी हा धागा.

आधी नसेची रचना, थोडक्यात. पायाचा अंगठा हलवणारी चेतापेशी पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत बसलेली असते. तिचा एकच लांबलचक तंतू, ॲक्सॉन, तिथून निघून थेट पावलापर्यंत जातो. उंच माणसात हे अंतर एक मीटरच्या आसपास, आणि जाडी काही मायक्रॉन. या तंतूभोवती श्वान पेशी एकापुढे एक बसतात. प्रत्येक पेशी आपला मिलिमीटरभराचा किंवा त्याहून लहान तुकडा धरते आणि त्याभोवती मायलिनचे वेढे घालते. दोन श्वान पेशींच्या मध्ये मायक्रॉनभर जागा उघडी राहते, ती रॅनव्हिएर नोड. सोडियम चॅनल, म्हणजे संदेश पुढे ढकलणाऱ्या सूक्ष्म झडपा, गर्दी करून बसतात त्या इथेच. संदेश एका नोडवरून पुढच्या नोडवर उडी मारत जातो, म्हणून हाताच्या नसेत तो सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगाने पळतो.

जीबीएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा या रचनेवर हल्ला करते. पण कुठे, यावर सगळं अवलंबून आहे.

एका प्रकारात (एआयडीपी) हल्ला श्वान पेशीवर होतो. १९९० च्या दशकात, लवकर दगावलेल्या रुग्णांच्या नसा तपासल्या तेव्हा कॉम्प्लिमेंट नावाच्या रक्तातल्या प्रथिनांचे अवशेष श्वान पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सापडले. त्याच्या आतलं मायलिन फुगून बुडबुड्यांसारखं झालेलं. मग मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, येतात आणि मायलिनचे थर सोलून खातात. ॲक्सॉन उघडा पडतो, पण बहुतेक वेळा शाबूत राहतो. संदेश मंदावतो किंवा अडतो, आणि रिपोर्टात ‘डिमायलिनेटिंग’ येतं. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की अशा रुग्णांच्या रक्तात मायलिनची प्रथिनं ओळखणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेच्या पेशी) सापडतात. दुसऱ्या, ॲक्सोनल प्रकारच्या रुग्णांत त्या तशा सापडल्या नाहीत. म्हणजे नाव एक असलं तरी हे दोन वेगळे आजार आहेत, असं मला तरी वाटतं.

दुसरा प्रकार (एएमएएन) पुढच्या प्रतिसादात. तो जास्त गुंतागुंतीचा आहे आणि धाग्याचा मुद्दा तिथेच आहे.

वाचनमात्र

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उगाच_शंका

सोप्या भाषेत, वायरीवरचं रबर गेलं तर डिमायलिनेटिंग आणि आतली तांब्याची तार तुटली तर ॲक्सोनल. बरोबर? मग तार तुटणं वाईटच की. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

नसती_उठाठेव

@उगाच_शंका, ही वायर सगळ्या वैद्यकीय पुस्तिकांत आहे आणि माझा तिच्यावर राग आहे. रबर निर्जीव असतं. श्वान पेशी जिवंत असते, आतल्या ॲक्सॉनला पोसते, आणि ॲक्सॉन तुटला की स्वतःचं काम बदलते. शिवाय वायरीत ‘नोड’ नसतो, आणि ॲक्सोनल जीबीएसची सगळी गोष्ट त्या मायक्रॉनभर उघड्या जागेत घडते.

उत्तर चीनमध्ये, हबेई प्रांतात, दर उन्हाळ्यात खेड्यांतली मुलं अचानक लुळी पडत. पोलिओसारखं दिसे, पण पोलिओ नव्हता. चिनी आणि अमेरिकी डॉक्टरांनी मिळून या मुलांचा अभ्यास केला आणि १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विजेच्या तपासणीत संवेदनेच्या नसा ठीक, हालचालीच्या नसांचा प्रतिसाद मात्र जवळजवळ शून्य. वेग मंदावलेला नाही, उंची गेलेली. तोपर्यंतची समजूत अशी होती की जीबीएस म्हणजे मायलिनवरचा हल्ला आणि ॲक्सॉन मेला तर तो बाजूचं नुकसान म्हणून. इथे मायलिन धड होतं.

जी मुलं वाचली नाहीत त्यांच्या नसा तपासल्या गेल्या. माझ्या विषयात या शवविच्छेदनांचे फोटो अजून शिकवले जातात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही नसा इतक्या स्वच्छ दिसल्या की नवख्याने ‘नॉर्मल’ लिहून मोकळं व्हावं. लिम्फोसाइटची गर्दी नाही, मायलिनचा चुरा नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मग दिसतं : नोडची फट नेहमीपेक्षा लांब झालेली, त्या फटीतून मॅक्रोफेजने आपला पाय आत घातलेला, आणि पुढे तो मायलिनच्या खालून, मायलिन आणि ॲक्सॉनच्या मधल्या अरुंद जागेत सरकलेला. मायलिनला धक्का नाही. ॲक्सॉन मात्र आकसून बाजूला ढकललेला. आणि कॉम्प्लिमेंटचे डाग या वेळी श्वान पेशीवर नाहीत, नोडमधल्या ॲक्सॉनच्या पटलावर आहेत.

तिथेच का? कारण त्या पटलावर जीएम-१ आणि जीडी-१ए नावाचे गँग्लिओसाइड असतात, म्हणजे शर्करेची साखळी डोक्यावर घेतलेले मेदाचे रेणू. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जिवाणू आपल्या बाहेरच्या आवरणावर जवळजवळ तशीच शर्करेची साखळी बांधतो. १९९३ मध्ये जपानमध्ये नोबुहिरो युकी आणि सहकाऱ्यांनी हे साम्य रेणूच्या पातळीवर दाखवलं. शरीर जिवाणूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, जुलाब थांबतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी त्याच अँटीबॉडी नोडवर जाऊन चिकटतात. पुढे याच गटाने सशांना गँग्लिओसाइड टोचून त्यांच्यात हाच आजार उभा केला. माणसांतही नकळत हा प्रयोग होऊन गेला होता : गाईच्या मेंदूतून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शनं नसांच्या दुखण्यावर ‘टॉनिक’ म्हणून युरोपात दिली जात, आणि ती घेतलेल्या काहींना जीबीएस झाला.

आता मूळ मुद्दा. अँटीबॉडी नोडवर बसली, कॉम्प्लिमेंट जागं झालं, त्याने पटलाला सूक्ष्म भोकं पाडली. यापुढे तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात.

पहिली : सोडियम चॅनलची मांडणी विस्कटते, नोड गप्प होतो. ॲक्सॉन जिवंत आहे, फक्त संदेश पुढे उडी मारत नाही. हल्ला थांबला आणि चॅनल जागेवर परत बसले की काही दिवसांत किंवा आठवड्यांत नस बोलू लागते. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांच्या रिपोर्टातली पडलेली उंची भराभर वर आली.

दुसरी : भोकांतून कॅल्शियम आत घुसतं, कॅल्पेन नावाचं विकर चालू होतं आणि ॲक्सॉनचा आतला सांगाडा कापत सुटतं. हे फक्त अगदी टोकाला, नस स्नायूत शिरते तिथल्या फांद्यांपुरतं झालं, तर मेलेला तुकडा जेमतेम काही सेंटिमीटरचा.

तिसरी : हेच कण्याजवळच्या मुळाशी झालं, तर तिथून पावलापर्यंतचा सगळा ॲक्सॉन जातो.

पहिल्या आठवड्यातल्या एनसीव्हीत या तिन्ही अवस्था सारख्याच दिसतात. उंची कमी, वेग ठीक, आणि खाली ‘ॲक्सोनल’ असा शेरा. पहिला पेशंट महिन्यात चालायला लागतो, तिसरा दोन वर्षांनीही स्प्लिंट लावून असू शकतो. म्हणून पहिल्या रिपोर्टातल्या त्या शेऱ्यावर रडायचंही नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही.

तिखटमीठ

वाचनखूण साठवली. ‘उंची’ म्हणजे कसली उंची हो? रिपोर्टात मी. सेकंद, मिलिव्होल्ट असलं काहीतरी असतं.

नसती_उठाठेव

नसेला मनगटाशी हलका करंट देतात आणि अंगठ्याच्या गादीवर चिकटवलेल्या पट्टीवर स्नायूचा प्रतिसाद मोजतात. कागदावर उंचवटा उमटतो. तो किती उंच हे मिलिव्होल्टमध्ये. साधारणपणे, किती तंतू संदेश पोचवताहेत ते त्यावरून कळतं. किती वेळाने उमटला त्यावरून वेग. मायलिन गेलं तर मुख्यतः वेळ बिघडतो, ॲक्सॉन गेला किंवा नोड गप्प झाला तर उंची.

खडकवासल्याचा

ताई, आमच्या पुतण्याला त्याच जानेवारीत झालं होतं. १९ वर्षांचा, दांडगा पोरगा. आधी पोट बिघडलं, ते बरंही झालं. नंतर एक दिवस बाइकला किक मारता येईना, संध्याकाळी जिन्यात बसूनच राहिला. सबंध सोसायटी तेच पाणी पीत होती. घरात त्याच्या आईचंही पोट बिघडलं होतं, तिला काही झालं नाही. मग यालाच का?

नसती_उठाठेव

@खडकवासल्याचा दादा, पुण्यात काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस सापडले होते. पण कॅम्पिलोबॅक्टरने पोट बिघडलेल्या साधारण हजारात एकाला किंवा त्याहून कमी जणांना जीबीएस होतो. जुलाब पुष्कळांना, लुळेपणा एखाद्याला, हे नेहमीचंच गणित आहे.

त्यात जिवाणूचा वाटा असा : सगळे कॅम्पिलोबॅक्टर ती गँग्लिओसाइडसारखी साखळी बांधत नाहीत. बांधणाऱ्यांत एक जनुक असतं, सीएसटी-२. त्या विकराच्या ५१ व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे यावर साखळीचा आकार ठरतो. थ्रिओनीन असेल तर साखळी जीएम-१, जीडी-१ए सारखी होते आणि हातपाय लुळे पडण्याकडे कल जातो. ॲस्पॅराजीन असेल तर ती जीक्यू-१बी सारखी होते. जीक्यू-१बी डोळे फिरवणाऱ्या नसांत भरपूर असतं. मग पेशंटला दोन-दोन दिसतं, पापण्या पडतात, चालताना तोल जातो, पण हातापायांत ताकद असते. हा १९५६ मध्ये मिलर फिशर यांनी वर्णिलेला प्रकार. जिवाणूच्या एका विकरातलं एक अमिनो आम्ल बदलतं, आणि माणसाचे पाय जाणार की डोळे, याचं पारडं हलतं. इतकी वर्षं यात काम करून मला याचं अजून नवल वाटतं.

आणि पुतण्यापासून कुणाला लागण होत नाही. जिवाणू पसरतो, जीबीएस पसरत नाही. हे लिहायला लागतंय, कारण त्या काळात लोकांनी पेशंटच्या घरच्यांशी बोलणं टाकलं होतं असं ऐकलंय.

खडकवासल्याचा

टाकलं होतं. शेजारच्यांनी दूधवाल्याला आमच्या दारात थांबू नको म्हणून सांगितलं.

रात्रपाळी

मी न्यूरो आयसीयूत रेसिडेंट आहे. धागा छान, पण एक गोष्ट वर यायला हवी. नोड, मॅक्रोफेज हे सगळं नंतर. पहिल्या दिवशी रिपोर्टाचा शेरा कुणी बघत बसू नये. श्वास बघावा.

आम्ही पेशंटला एक खोल श्वास घ्यायला लावतो आणि त्याच श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोठ्याने म्हणायला सांगतो. विशीच्या आतच दम संपला तर कान टवकारतो. मान उशीवरून उचलता येते का, पाणी गिळताना ठसका लागतो का, हेही. चार-पाच जणांत एकाला व्हेंटिलेटर लागतो, आणि नातेवाईक म्हणतात “सकाळी तर गप्पा मारत होता.” शिवाय नाडी आणि बीपी मनाला येईल तसे वरखाली होतात, कारण स्वायत्त नसाही सापडतात. आजही या आजारात शंभरात ३ ते ७ जण दगावतात, ते बहुतेक यातूनच.

दुसरं, पाठीतलं पाणी. जॉर्ज गियां, जां-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रॉल यांनी १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांत हेच दाखवलं होतं : पाण्यात प्रथिन वाढलेलं, पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. (स्ट्रॉलचं नाव पुढे आजाराच्या नावातून गळलं. बिचारा.) पण पहिल्या आठवड्यात प्रथिन नॉर्मल येऊ शकतं. “पाणी नॉर्मल आलं, म्हणजे जीबीएस नाही” म्हणून पेशंटला घरी नेऊ नका.

नसती_उठाठेव

@रात्रपाळी +१. आणि पाण्यातल्या त्या प्रथिनाचं कारण नसेच्या मुळाशीच आहे. मज्जारज्जूतून मुळं बाहेर पडतात तिथे रक्त आणि नस यांच्यातला पडदा मुळात कमजोर असतो. अगदी टोकाला, स्नायूजवळही तसाच. रक्तातल्या अँटीबॉडी मधल्या पट्ट्यात सहज घुसू शकत नाहीत, या दोन टोकांना घुसतात. म्हणून आजार मुळाशी आणि टोकाशी जास्त सापडतो. माझ्या वरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेचं मूळ हेच.

उगाच_शंका

ठीक, वायर मागे घेतो. पण उपचार तर दोन्ही प्रकारांत तेच ना? आयव्हीआयजी नाहीतर प्लाझ्मा बदलणं. मग पेशी-रेणू जाणून पेशंटला काय मिळालं?

नसती_उठाठेव

सुरुवातीचा उपचार तोच, मान्य. प्लाझ्मा एक्सचेंजची मोठी अमेरिकी चाचणी १९८५ ची, आयव्हीआयजीची डच चाचणी १९९२ ची. दोन्हींचा उपयोग सारखाच. एक अँटीबॉडी गाळून काढतं, दुसरं निरोगी दात्यांच्या अँटीबॉडीचा इतका भडिमार करतं की कॉम्प्लिमेंट आणि भक्षक पेशी गुंततात, आणि पेशंटची स्वतःची वाईट अँटीबॉडीही शरीरातून लवकर बाहेर पडते. स्टेरॉइडचा जीबीएसमध्ये फायदा नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलंय.

पण फरक पडतो तो नंतर. समजा आयव्हीआयजीचा पाच दिवसांचा कोर्स झाला आणि पेशंट हलत नाही. घरचे म्हणतात, अजून एक कोर्स द्या, जमीन विकू. किलोला दोन ग्रॅम या हिशोबाने ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. एक कोर्स म्हणजे एवढ्या. नेदरलँड्समध्ये जास्त गंभीर रुग्णांवर याचीच चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल आला : दुसऱ्या कोर्सने फायदा झाला नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर त्रास वाढले. पेशीच्या बाजूने बघितलं तर यात आश्चर्य नाही. ॲक्सॉन कापला गेल्यावर अँटीबॉडी धुऊन काढली तरी तो सांधत नाही. आणि नोड नुसता गप्प असेल तर तो दुसऱ्या कोर्सशिवायही बोलणारच होता.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. काही पेशंट जीबीएससारखेच सुरू होतात, पण त्यांची अँटीबॉडी नोडच्या कडेला श्वान पेशीला ॲक्सॉनशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवर असते : न्यूरोफॅसिन-१५५, कॉन्टॅक्टिन-१. ही अँटीबॉडी बऱ्याचदा आयजीजी-४ जातीची असते. ही जात कॉम्प्लिमेंटला फारसं जागं करत नाही, ती नुसती बांधणी सोडवते. कॉम्प्लिमेंटचा हात नाही, म्हणून आयव्हीआयजी पुष्कळदा फुकट जातं, आणि रिटुक्सिमॅबसारखं बी-पेशी कमी करणारं औषध लागू पडतं. आठ आठवड्यांनंतरही पेशंट खालीच जात असेल तर डॉक्टर सीआयडीपी (जीबीएससारखाच, पण दीर्घकाळ चालणारा आजार) किंवा या प्रकाराचा विचार करतात. इथे पेशी-रेणू कळला नाही तर पेशंटचे हाल होतात.

आणि नवीन औषधं थेट कॉम्प्लिमेंटवर येताहेत. साखळीच्या पहिल्याच कडीला, सी१क्यूला, अडवणारं एक औषध बांगलादेश आणि फिलिपिन्समध्ये तपासलं गेलं आणि २०२४ मध्ये चांगले निकाल जाहीर झाले. बांगलादेशच का? कारण तिथे ॲक्सोनल प्रकार फार, आणि आयव्हीआयजी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. ढाक्यात तर पलंगाशेजारी साध्या पिशव्या लावून थोडा थोडा प्लाझ्मा काढण्याची स्वस्त पद्धतही तपासली गेली आहे. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांनी हे कामकाज बघायला ढाक्याला जावं.

फिजिओ_मावशी

पहिल्यांदाच लिहितेय. ॲक्सोनलच्या दोन पेशंटची गोष्ट मी रोज बघते, फक्त आतलं कारण आज कळलं.

त्या साथीतले दोघं माझ्याकडे आले. रिपोर्ट जवळजवळ सारखे. एक रिक्षावाले काका, एक बी.कॉम.ची मुलगी. काकांच्या पायात चौथ्या-पाचव्या आठवड्यात अशी ताकद आली की आम्हीच चकित. मुलीच्या मांड्या सुधारल्या, पण पावलं लटकलेलीच. टाचेवर चाल म्हटलं की पुढचा पंजा उचलतच नाही, फरशीवर ‘थप्’ वाजतो. हाताचंही तेच. दंड छान, पण अंगठा तळहातापासून वर उचलता येत नाही आणि कुर्त्याचं बटण लागत नाही. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा हळूहळू सपाट होत गेला. तिची आई मला म्हणायची, मुलगी आळस करते.

सगळ्यांना सांगणं : जोर लावून व्यायाम करून नस लवकर वाढत नाही. थकवा येईपर्यंत रेटलं तर दुसऱ्या दिवशी पेशंट आणखी गळतो. सांधे आखडू न देणं आणि घोटा काटकोनात ठेवणं हे आपलं काम. रात्री स्प्लिंट. टाचेमागची स्नायूची दोरी आखडली, तर नस परत येऊनही पाय टेकणार नाही.

सोलापुरी_चादर

आमच्याकडे डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिलीत. त्याने नस भरून येते म्हणतात. आणि ताई, मेलेला ॲक्सॉन परत येतो तरी कसा?

नसती_उठाठेव

बी-१२ शरीरात कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. आपल्याकडे शाकाहारी घरांत कमी असतंच. पण बी-१२ पुरेसं असताना जास्त टोचून जीबीएसमधली नस लवकर वाढत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे.

ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारी नस कापली आणि कापाच्या पलीकडचा भाग विरघळताना पाहिला. शंभराहून जास्त वर्षं समजूत हीच की तुटलेला तुकडा उपासमारीने मरतो. १९८९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये उंदरांची एक जात सापडली, तिच्या तुटलेल्या नसा आठवडे टिकत. म्हणजे मरण आपोआप येत नव्हतं, ते घडवलं जात होतं. हळूहळू साखळी उलगडली : एनएमएनएटी-२ नावाचं प्रथिन पेशीच्या शरीरातून सतत ॲक्सॉनमध्ये यावं लागतं, कारण ते फार वेळ टिकत नाही. पुरवठा थांबला की सार्म-१ नावाचं प्रथिन मोकाट सुटतं आणि ॲक्सॉनमधलं एनएडी, म्हणजे ऊर्जेच्या व्यवहारासाठी लागणारा रेणू, संपवून टाकतं. ॲक्सॉनच्या मरणामागचा सार्म-१ चा हात २०१२ मध्ये समोर आला. ॲक्सॉन स्वतःचा शेवट स्वतःच करतो. मधुमेह आणि केमोथेरपीमुळे होणाऱ्या नसांच्या आजारांतही याच वाटेचा अभ्यास चाललाय.

आता श्वान पेशी. आतला ॲक्सॉन गेला की ती मायलिन बनवणं थांबवते, आतला सी-जून नावाचा स्विच चालू करते आणि दुरुस्ती पेशी बनते. स्वतःचंच मायलिन पचवते, मॅक्रोफेजना बोलावते, वाढीचे घटक सोडते, लांबट होऊन शेजारणींबरोबर रांग धरते. त्या रांगेच्या आधाराने वरून नवा ॲक्सॉन खाली उतरतो. वर ज्या मॅक्रोफेजने नोडमध्ये पाय घातला, त्याच जातीच्या पेशी इथे मलबा साफ करून वाट मोकळी करतात.

गती मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. यावरून हिशोब करा. स्नायूच्या तोंडाशी तीन-चार सेंटिमीटर गेलं असेल तर महिना-दीड महिना. कण्याजवळच्या मुळापासून गेलं असेल तर पावलापर्यंत नव्वद सेंटिमीटर धरा, म्हणजे ९०० दिवस, अडीच वर्षं. आणि श्वान पेशी इतका काळ वाट बघू शकत नाही. काही महिन्यांनी तिचा दुरुस्तीचा बाणा ओसरतो, पेशींची संख्या घटते, तिकडे स्नायूही सुकतो. म्हणून मांडी सुधारते आणि पाऊल लटकतं. @फिजिओ_मावशी, तुमच्या त्या मुलीचा आळस नाही, अंतर आहे. तिच्या आईला माझ्या नावाने सांगा.

चीनमधल्याच एका ॲक्सोनल रुग्णाची बायोप्सी या बाबतीत बोलकी आहे. घोट्याजवळची संवेदनेची नस स्वच्छ, पण स्नायूत शिरणाऱ्या टोकाच्या फांद्या गेलेल्या. असा पेशंट बरा होतो. तुमच्या रिक्षावाल्या काकांचं एक तर हे झालं असेल किंवा नोड गप्प असेल.

तिखटमीठ

मग आत्ता आपल्या पेशंटचं काय झालंय हे कळायचं कसं? प्रत्येकाची बायोप्सी तर करत नाहीत.

रात्रपाळी

नाही करत. दुसरा एनसीव्ही. पहिल्यानंतर काही आठवड्यांनी. उंची भराभर वाढली तर नोड गप्प होता. तिथेच राहिली आणि सुईच्या तपासणीत, ईएमजीत, स्नायू आपोआप थरथरताना दिसले, तर ॲक्सॉन तुटलाय. आणखी एक रक्तचाचणी पुढे येतेय, न्यूरोफिलामेंट लाइट चेन. तुटलेल्या ॲक्सॉनचा सांगाडा रक्तात येतो तो मोजायचा. जीबीएसमध्ये तो सुरुवातीला फार जास्त असेल तर पुढची वाट अवघड, असं दिसलंय. आमच्याकडे रोजच्या कामात ती नाही.

खडकवासल्याचा

पुतण्याचे दोन्ही रिपोर्ट समोर घेऊन बसलोय. अंगठ्याच्या नसेला पहिल्यात ०.९ मिलिव्होल्ट, दुसऱ्यात ५.१. दोन्हींत खाली ‘ॲक्सोनल’ हेच लिहिलंय, म्हणून आम्ही दुसरा नीट बघितलाच नव्हता. पायाचा १.१ वरून १.४. तो आता चालतो, पण चप्पल पायातून निसटते. सँडल घालतो.

नसती_उठाठेव

दादा, हाताची ती उडी चांगली आहे. दोन रिपोर्टांत काही आठवड्यांचंच अंतर असेल, तर नव्या ॲक्सॉनने एवढ्या लवकर असं होत नाही. हातात बराचसा भाग नोडचा होता असं दिसतं. पायात मात्र तंतू गेलेत, तिथे वेळ लागेल. हे माझं वाचन, निदान तुमच्या डॉक्टरांचं.

पुढचा एनसीव्ही शक्यतो त्याच सेंटरला करा, म्हणजे पट्ट्या त्याच जागी लागतील आणि आकडे ताडता येतील.

फिजिओ_मावशी

आणि सकाळी थंडीत गेलात तर हातपाय आधी गरम पाण्याने शेकून न्या. गार पायात वेग खोटाच कमी येतो, मग रिपोर्टात अजून एक शब्द वाढतो आणि तुम्ही परत इथे येता. चप्पल निसटते त्याचा व्हिडिओ मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मागून आणि बाजूने, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.